विसार ते आरसी: माझी पहिली सेकंडहँड मोटारसायकल

माझी पहिली गिअरची गाडी 9 एप्रिल 2025 ला दारात आली आणि 14 मेला तिची आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, माझ्या नावानं हातात आली. त्याआधीचे तीन महिने परवाना, गाडी शोधणं आणि नकार देणं यात गेले. आता ऑफिसातल्या दोघी-तिघी जुनी गाडी कशी घ्यायची ते विचारायला लागल्यात, म्हणून क्रमानं लिहून ठेवते.

मी कोल्हापूरची, फुलेवाडीत राहते, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. दहा वर्षं स्कूटर चालवली. मोटारसायकल का, तर मायलेज बरं, हायवेला मोठी चाकं बरी, अशी कारणं घरी सांगितली. खरं कारण एवढंच की शाळेत असल्यापासून गिअरची गाडी चालवायची होती आणि वयाची चौतीस वर्षं झाली तरी राहूनच गेलं होतं.

पहिला धक्का परवान्याचा. माझ्याकडे लायसन आहे म्हणून मी निर्धास्त होते. दाजींनी कार्ड हातात घेऊन दाखवलं, त्यावर एमसीडब्ल्यूओजी लिहिलं होतं, म्हणजे बिनगिअरची दुचाकी. गिअरवाल्या गाडीला एमसीडब्ल्यूजी लागतं. स्कूटरवाल्या मैत्रिणींनो, आधी आपापलं कार्ड काढून बघा. हा वर्ग वाढवून घ्यायला पुन्हा शिकाऊ परवाना लागतो आणि तो निघाल्यावर तीस दिवस थांबून टेस्ट. माझा शिकाऊ परवाना 6 जानेवारीला निघाला. तो सहा महिने चालतो आणि त्यावर मागं शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही.

महिनाभर रोज सकाळी साडेसहाला शेंडा पार्कच्या मोकळ्या जागेत दाजींची स्प्लेंडर. पहिले चार दिवस मी फक्त क्लच सोडायला शिकले. गाडी बंद पडायची, दाजी शांतपणे म्हणायचे, "परत." 11 फेब्रुवारीला टेस्टला गेले आणि आठ काढताना दुसऱ्या वळणावर पाय टेकला. नापास. पुन्हा टेस्ट द्यायला सात दिवस थांबावं लागतं. त्या सात दिवसांत मी घराच्या गच्चीवर खडूनं आठ काढून त्यावर नुसती चालत होते, नजर पुढच्या वळणावर ठेवायची सवय व्हावी म्हणून. शेजारच्या काकूंना काय वाटलं असेल ते असो. 20 तारखेला पास झाले.

आता गाडी. सगळं धरून पन्नास हजार ठरवले होते आणि त्यातले आठ हजार आधीच बाजूला काढले. हा सल्ला उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचा. दाजींची गाडी त्यांच्याकडेच असते. ते म्हणाले, "ताई, जुनी गाडी घेतली की पहिल्या म्हैन्यात ती पैसे खातीच. ते खिशात ठिवून मगच भाव करा." गाडी बघायला येण्याचे ते तीनशे रुपये घेतात. मला वाटतं, अख्ख्या व्यवहारात सगळ्यात वसूल झालेला पैसा हाच.

उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतील अशीच गाडी हवी होती. शंभर ते सव्वाशे सीसी पुरे. दीडशेच्या दोन गाड्या तरीही बघितल्या, मोह म्हणून.

पहिली गाडी फोटोत फार देखणी होती आणि बाजारभावापेक्षा सहा हजारांनी स्वस्त. नंबर केए 22, म्हणजे बेळगाव पासिंग. आमच्याकडे अशा गाड्या भरपूर फिरतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. पण परराज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणावी लागते आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तिथला भरलेला टॅक्स परत मागायचा तर तो वेगळा हेलपाटा. हिशेब केला तेव्हा सहा हजारांची स्वस्ताई उरलीच नाही. विकणारा म्हणाला, "कोण करतंय नावावर? अशीच फिरवा की." त्या वाक्यालाच फोन ठेवला.

दुसऱ्या गाडीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ती मी जवळजवळ घेतली होती.

2017 ची दीडशे सीसी, शिरोळ तालुक्यातली, मीटरवर फक्त चौदा हजार किलोमीटर. चकचकीत पॉलिश, नवं सीट कव्हर, एका किकमध्ये चालू. मी मनात रंगसुद्धा पक्का केला होता. मिस्त्रींनी आल्या आल्या इंजिनाला हात लावला आणि गाडीवाल्याकडं बघितलं. "चालू करून ठिवली व्हती का?" इंजिन गरम होतं. थंड इंजिन पहिल्यांदा कसं उठतं हे बघायचं असतं, गरम इंजिन बरंच लपवतं. पण नुसत्या तेवढ्यावरून काही ठरत नाही. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि हेडलाइटची रिंग सोडवली.

आत, रिफ्लेक्टरच्या मागं, बोटाला लागेल असा गाळ होता. वाळलेला, पिठासारखा बारीक. वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. त्यांनी सीट उघडून बॅटरीखालचा ट्रे दाखवला, तिथंही तसाच थर, कोपऱ्यात नीट बसलेला. मग टाकीचं झाकण उघडून मोबाईलचा उजेड आत टाकला. तांबूस गंज. स्पीडोमीटरच्या काचेला आतून एक फिकट आडवी रेघ होती. मी मघाशी ती धूळ समजून बोटानं पुसायला गेले होते.

"ताई, गाडी पाण्यात बसलीया," मिस्त्री म्हणाले.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आणि 2021 च्या जुलैमधला पूर आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या गावांतली माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली, गाड्या कुठून काढणार? त्यातल्या कितीतरी नंतर धुऊन, ऑइल बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. पुरातून आलेली गाडी विकणं काही गुन्हा नाही. सांगून, त्या भावात विकली तर घेणारा घेईलही. पण हा माणूस म्हणाला, "धुताना पाणी गेलं असंल." धुताना गाळ आत जात नसतो. चौदा हजार किलोमीटर का, तेही तेव्हा कळलं. गाडी बरीच वर्षं उभीच होती.

परत येताना मला रडू आलं. गाडीसाठी नाही. एकटी गेले असते तर त्याच दिवशी पैसे देऊन आले असते, म्हणून.

तिसरी गाडी एका सेकंडहँडच्या दुकानात बघितली. पाच मिनिटं पुरली. मालकाच्या सहीचे कोरे टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे अर्ज, तयार होते, मालक कुठं आहे ते कुणाला माहीत नव्हतं. मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं दाजींना देत होता. दाजी शेवटी म्हणाले, "गाडी त्यांना घ्यायचीया, मला नव्हं."

16 मार्चच्या रविवारी रुईकर कॉलनीत चौथी गाडी बघितली. होंडा शाइन, नोव्हेंबर 2018 ची, एमएच 09, पहिलाच मालक. निवृत्त लिपिक, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी बंद. मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, "काका, सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करू नका." त्यांनी खरंच केली नव्हती. इंजिन दगडासारखं गार. चोक ओढून तिसऱ्या किकला उठली, सायलेन्सरमधून थोडी वाफ आली आणि गेली. निळसर धूर येत राहिला असता तर ऑइल जळतंय असा अर्थ, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय.

मिस्त्रींनी मग डबल स्टँडवर घेऊन हँडल अगदी हळू डावी-उजवीकडं फिरवलं आणि माझे हात त्यावर ठेवले. "मधी आडकतंय का बघा." बरोबर मध्यावर हँडल बारीकसं खाचेत बसल्यासारखं होत होतं. कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलेला. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटानं ओढली तर दातापासून सुटून वर येत होती, म्हणजे चेनकिटही, चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही, बदलायचं. पुढच्या फोर्कवर ऑइलचा ओघळ नव्हता. लिव्हरची टोकं आणि फूटरेस्ट घासलेले नव्हते, म्हणजे गाडी फारशी पडलेली नाही. पुढच्या टायरवर 3618 असा कोड होता. 2018 च्या छत्तिसाव्या आठवड्यातला टायर, म्हणजे गाडीबरोबरच आलेला. मीटरवर अठ्ठावीस हजार, ब्रेक पेडलचं रबर तेवढंच झिजलेलं. सगळ्या गोष्टी एकच कहाणी सांगत होत्या. हेडलाइटही उघडून बघितला. आत कोळ्याचं जाळं होतं, गाळ नव्हता.

मागणी 46,000 ची होती. चेनकिट, कोन सेट आणि सात वर्षांचा टायर काकांच्या समोर मोजून दाखवल्यावर 41,500 ला ठरलं. दुसरी किल्ली सापडत नव्हती. काका म्हणाले, "घरातच आहे कुठंतरी, शोधून देतो." मी दोन हजार विसार यूपीआयनं दिला, नोटमध्ये गाडीचा नंबर आणि 'विसार' असं लिहून.

इथं मला वाटलं झालं. खरं काम इथून सुरू झालं.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर गाडीवर कर्जाचा बोजा दिसत होता. काकांनी कर्ज 2021 मध्येच फेडलं होतं, एनओसीही फायलीत होती, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. हे फार लोकांचं होतं. फायनान्स कंपनीच्या एनओसीला मुदत असते, ती केव्हाच संपलेली. नवी एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 मागवायला काकांनी 17 मार्चला अर्ज केला. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर दोन दंड निघाले, दोन्ही बिनहेल्मेटचे, मिळून हजार रुपये. काका ओशाळले. "मुलानं नेली असणार." त्याच संध्याकाळी भरले.

तिसरी गोष्ट नंबरप्लेटची. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी, त्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवणं भाग होतं. ती नसेल तर मालकी बदलणं, बोजा उतरवणं ही कामं आरटीओत पुढं सरकत नाहीत. दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 531. पैसे काकांनी दिले. तारीख मिळाली 4 एप्रिलची.

आणि 30 मार्चला पाडवा होता.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सगळ्या गल्लीत नव्या गाड्यांना हार, आणि आमच्या दारात काहीच नाही. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "पाडव्याला गाडी आणायची सोडून कसली कागदं बघत बसलीयास? पैसं द्यायचंच हायत न्हवं?" काकाही म्हणाले, गाडी घेऊन जा, कागद होतील सावकाश. माणूस सरळ होता, नेली असती तर बहुधा काही बिघडलंही नसतं. पण बोजा उतरवायची एनओसी हातात यायच्या आत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत हे मी स्वतःशी ठरवलं होतं, आणि ते मोडायला पाडव्याइतकं गोड कारण दुसरं नव्हतं. नाही नेली. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, दुपारभर झोपले.

एनओसी 2 एप्रिलला आली, प्लेट 4 ला बसली. 9 एप्रिलला, अगदी साध्या बुधवारी, व्यवहार झाला. स्टॅम्प पाचशेचा, कारण शंभराचा ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. त्यावर करार, आणि वेगळ्या कागदावर गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ, सायंकाळी 5.40. ही वेळ दोघांच्याही सोयीची. 5.40 च्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं माझं. उरलेले 39,500 बँकेतून पाठवले. मालकी बदलाच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर काकांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

विकणारा घाई करत नसेल तर त्याला एक गोष्ट सांगा. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. गाडी विकली पण नावावरून काढली नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. हे ऐकल्यावर काका माझ्यापेक्षा जास्त घाईला आले. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. विम्याचंही तसंच, तो आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवस. काकांचा थर्ड पार्टी विमा नोव्हेंबरपर्यंत होता, मी अर्जाची पोच मिळताच कंपनीला कळवलं.

घरी आणताना गाडी दाजींनी चालवली, मी मागं बसले. कबूल करायला लाज नाही, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये माझी हिंमत नव्हती. आईनं रुसवा विसरून नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

ऑनलाइन अर्ज भरायला बसले त्याच रात्री, आणि पहिल्याच पायरीला अडकले. ओटीपी मालकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. काकांच्या फोनवर काहीच येईना. शेवटचे आकडे नीट बघितले तर नंबरच त्यांचा नव्हता. 2018 मध्ये गाडी घेताना कुणीतरी भलताच नंबर टाकून दिला होता. आधी वाहन पोर्टलवर मोबाईल नंबर बदलून घ्यावा लागला, त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते. गाडी बघायला जाल त्याच दिवशी हे तपासून घ्या. दुसरी अडचण नावाची. आधारवर काकांचं नाव आडनावापासून, आरसीवर नावापासून. त्यामुळे घरबसल्या आधारवरून काम उरकायचा बेत सोडून आम्ही कागद नेऊन द्यायचा मार्ग घेतला. मालकी बदल आणि बोजा उतरवणं एकाच अर्जात. सरकारी खर्च स्मार्ट कार्ड आणि पोस्ट धरून पाचशेच्या आत. एजंटनं अडीच हजार सांगितले होते.

चेसिस प्रिंट मिस्त्रींनी काढून दिला. हँडलच्या खाली, गाडीच्या मानेवर नंबर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी मळ पुसला, मऊ पेन्सिल आकड्यांवर आडवी घासली, वर सेलोटेप दाबून अंगठ्यानं चोळली आणि अलगद उचलून कागदावर चिकटवली. सतरा अक्षरं आणि आकडे, काळ्या पट्टीत पांढरे. "दोन काढून ठिवा, एक खराब हुतोयच," म्हणाले.

एप्रिलात सुट्ट्या पाठोपाठ. 10 ला महावीर जयंती, 14 ला आंबेडकर जयंती. 15 ला अर्धा दिवस रजा टाकून आरटीओत गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि फॉर्म 29 वर बोट ठेवलं. काकांची एका प्रतीवर मराठीत सही होती, दुसरीवर इंग्रजीत. चूक आमचीच. माझ्यासमोर सह्या झाल्या होत्या आणि मी बघत होते ते पेनकडं. 17 ला काका काठी टेकत स्वतः आले, नवी प्रत सही केली, कागद जमा झाले. 29 एप्रिलला मंजुरीचा मेसेज आला. कार्ड पोस्टानं 14 मेला. पोस्टमननं सही घेतली, मी पाकीट जिन्यातच फाडलं. माझं नाव, आणि बोजाच्या जागी काही नाही.

दुरुस्तीला 5,900 लागले. चेनकिट, कोन सेट, पुढचा टायर, ऑइल, मागचे ब्रेक शू. आयएसआय मार्कचं हेल्मेट 1,650, मिस्त्रींचे तीन फेऱ्यांचे 900. परवान्याचा खर्च सोडून सगळं एक्कावन्न हजारांच्या आसपास गेलं.

कार्डाचा फोटो काकांना पाठवला तर त्यांचा लगेच फोन आला. किल्ली सापडली होती, देवघराच्या खणात, कापराच्या डबीमागं. रविवारी आणायला मी एकटीच निघाले. दसरा चौकातल्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न न वाजवता वाट बघितली.